कडेला रेघ आहे, चालते

राहनाळ, भिवंडी
१९ जानेवारी २०२५

श्री. भूपेशराव यांस,
स.न.वि.वि.

डिस्क घासायची मशीन मी केली. लूमसाठी सुताची कांडी भरायच्या यंत्राची जुनी मोटर, तिच्यावर गोल लाकडी पाट आणि पाणी थेंबथेंब पडावं म्हणून सलाइनची नळी. डिस्क टांगायचा फळा मी केला, खुंट्यांच्या जागी लूमच्या लाकडी कांड्या ठोकून. डिस्कचं भोक कांडीच्या टोकावर असं बसतं की हलत नाही आणि घासत पण नाही. पाकिटं मी शिवली, आत पुठ्ठा आणि वर दुहेरी कोरं कापड. पत्त्याचा शिक्का जुन्या चपलेच्या रबरात मी कोरला. अक्षरं उलटी कोरावी लागतात, आणि आपल्या गावाच्या नावातल्या ‘ळ’ने तीन चपला खाल्ल्या. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. शाळा नववीत सुटली. बाकीचं डिक्शनरी मांडीवर घेऊन, पुस्तकं वाचून आणि माल बिघडवून शिकलो.

हे बढाईसाठी लिहीत नाही. तुम्ही हेमालीपाशी म्हणालात, “मोठा साडू या वयात पोरांचे खेळ पोस्टानं फिरवतो,” ते बहिणीकडून रूपाच्या कानावर आलं आणि रूपाकडून माझ्या. म्हणून आधी काय आहे ते सांगितलं.

धंदा असा आहे. माणूस सभासद होतो. माझ्या यादीतून व्हिडिओ गेम निवडतो. मी डिस्क पोस्टानं पाठवतो. त्याने हवी तितके दिवस खेळावी आणि त्याच पाकिटातून परत पाठवावी, की दुसरी निघते. शहरातल्या माणसाला याची गरज नाही, तो नेटवरून गेम उतरवतो. पण तुमच्या वाडीसारख्या ठिकाणी साठ-सत्तर जीबीचा गेम उतरवायला घेतला, तर मोबाइल तुमच्या त्या रेंजच्या दगडावर ठेवून माणूस पुढच्या दिवाळीपर्यंत बसेल. माझी माणसं अशी आहेत. जव्हारकडचा एक कंपाउंडर, धरणावरच्या कॉलनीतले दोघे, खेडजवळचे एक मास्तर आणि त्यांची बायको, जी मास्तरांना दर खेळात हरवते.

पण सभासद कमी होतायत. गेमच्या नव्या मशीनला डिस्क घालायची फटच नसते. रूपा म्हणते, “डिस्का तुमच्या, फिरतो पोस्टमन, पगार पण त्यालाच.” आणि आता मानकोलीहून एक मागणी आली आहे. गिऱ्हाइकांनी परत केलेला इलेक्ट्रॉनिक माल साफ करून पुन्हा विकणारी एक कंपनी आहे. त्यांना माझी मशीन, सगळ्या डिस्क, सभासदांचे पत्ते आणि मी स्वतः, असं सगळं हवं आहे. मी त्यांच्याकडे सुपरवायझर व्हायचं आणि हे पोस्टाचं काम बंद करायचं. मार्चअखेरपर्यंत उत्तर हवंय. रूपा म्हणते द्या. माझं डोकं थाऱ्यावर नाही. हे पत्र लिहिताना तीनदा उठलो आणि तीनदा बसलो.

म्हणून तुम्हाला विचारतो. तुम्हाला गेमचं वेड नाही, माझं कौतुक तर बिलकूल नाही, आणि तुम्ही तोंडावर बोलता. सभासद म्हणून वापरून बघा आणि खरं सांगा. पोस्टानं गेम भाड्याने घेणं परवडतं का? याला काही अर्थ आहे का? कंपनीचा आकडा मुद्दाम सांगत नाही. आकडा कळला की माणूस आकड्याकडे बघून बोलतो. आणि उत्तर लेखी द्या. तोंडी बोललेलं मी धरत नाही, शिवाय त्या दगडावर चढणं तुम्हाला आत्ता जमायचं नाही.

गेमची मशीन हेमालीच्या हाती हळदीकुंकवालाच दिली आहे. टीव्हीला कशी जोडायची ते तिला दाखवलंय, ती एकदा बघून शिकली. पहिली डिस्क या पत्रासोबत आहे. घाटातून ट्रकने लाकडं वाहायचा खेळ आहे. बावीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला दुसरं काय पाठवणार?

ट्रकचा मागचा फाळका पडून मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली, डॉक्टर म्हणतात चाला, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेले असता, असं हेमाली सांगत होती. तो तुमचा विषय. मी त्यात पडत नाही.

कळावे,
केसरीनाथ

* * *

वाडी, टोकावड्याच्या वर
३ फेब्रुवारी २०२५

श्री. केसरीनाथ दादांस,
भूपेशचा नमस्कार.

पार्सल मिळालं. खेळ छान हाय. चित्रं फार सुंदर, ट्रक पण चांगला. वेळ बरा गेला. डिस्क परत पाठवत हाय. तुम्ही मेहनत घेता ते दिसतं.

परवडतं का विचारलंत, तर ज्याला आवड हाय त्याला परवडत असंल. आमच्यासारख्यानं काय सांगावं. तुम्ही हुशार माणूस, तुमचं तुम्ही ठरवा.

पाय तसाच. रूपाताईंना नमस्कार.

आपला,
भूपेश

* * *

राहनाळ
९ फेब्रुवारी २०२५

श्री. भूपेशराव यांस,

पाकीट मिळालं. उघडायला घेतलं आणि हात थांबला.

पाकिटाच्या तोंडाला मी दोरा बांधतो. ताण्याचा धागा तुटला की लूमचा कारागीर चिमटीत धरून एक बारीक गाठ मारतो, तीच गाठ. मी ती डाव्या हाताने मारतो, म्हणून तिचं शेपूट उलटीकडे राहतं. भिवंडीत अशी गाठ मारणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. तुमच्याकडून परत आलेल्या पाकिटावर तीच गाठ होती, तेच शेपूट, सुटलेली नाही, कापलेली नाही. तुम्ही पाकीट उघडलेलंच नाही.

मग कुठली चित्रं सुंदर होती? पोस्टाचा शिक्का?

भूपेशराव, तुम्ही मला तोंडावर वेडा म्हणाला असतात तर चाललं असतं. तुमच्या लग्नात मी स्वतः शिवलेल्या सफारीला तुम्ही “बँडवाल्याचा ड्रेस” म्हणालात, ते मी अजून धरून आहे, पण खोटं तर बोलला नव्हतात. मी तुम्हाला निवडलं ते एवढ्याचसाठी. मला गोड बोलणारे इथे भरपूर आहेत. कंपनीचा माणूस तर इतकं गोड बोलतो की चहात साखर घालावी लागत नाही.

रूपा म्हणाली, “जाऊ द्या, आजारी माणूस आहे.” आजारी माणसाला पाकीट उघडता येतं. त्याचे हात शाबूत आहेत.

तीच डिस्क, तेच पाकीट, तीच गाठ, परत पाठवतो आहे. खेळायचं नसेल तर तसं लिहा. पण उघडल्याशिवाय छान म्हणू नका. माझ्याकडे मार्चपर्यंतच वेळ आहे आणि मला एका माणसाचं खरं मत पाहिजे. मी फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत फिरतोय नुसता. शेजारचा रंगवाला विचारत होता, “केसरीभाई, कुछ गुम हुआ क्या?”

केसरीनाथ

* * *

वाडी
१७ फेब्रुवारी २०२५

दादा,

आता तोंडावर ऐका.

पाकिटावर तुम्ही काय लिहिलं होतं? ठळक अक्षरात, निळ्या पेनानं. ‘सेकंड’.

मी भिवंडीत आयुष्य काढलं. सेकंड म्हणजे काय ते मला शिकवू नका. फ्रेश माल ताडपत्रीखाली, दोरी आवळून, शेठ स्वतः बघायला उभा. आणि दोष निघालेल्या कापडाच्या, सेकंडच्या गाठी फेकल्यासारख्या टाकायच्या, पोचे-फडकी करायला. मी दोन्ही वाहिलंय. हेमालीनं पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं आणि वर सेकंड. मी म्हटलं, बरोबर हाय. मालकानं दवाखान्यातच सांगितलं होतं, “भूपेश, आता गाडी न्हाय, यार्डात खुर्ची टाकून गेटपास फाड.” म्हणजे मी सेकंडच झालो. आता साडूनं पण तोच शिक्का मारला. सेकंड माणसाला सेकंड माल. नेमकं काम तुमचं, चूक कशी होणार?

म्हणून न्हाय उघडलं. आणि भांडायला नको म्हणून छान लिहिलं. ते खोटं होतं, मान्य.

तुमचं पत्र हेमालीनंच वाचून दाखवलं. गाठीच्या शेपटावर आली आणि हसायला लागली. एवढी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. घरात हसू ऐकून बरेच महिने झाले होते, पण माझ्यावर होतं म्हणून मला राग आला. त्या रागात पाकीट ओढलं. गाठ सुटत न्हाय तुमची. कात्री लावली.

आता खेळाबद्दल, आणि हे उघडून लिहितोय.

ज्यानं केला त्यानं ट्रक लांबून बघितला असंल. उतारावर न्यूट्रल टाकली तरी गाडी शहाण्यासारखी थांबते. आपल्याकडं तसं करून बघा म्हणावं, खाली दरीत पंचनामा होईल. वळणावर कुणी हॉर्न देत न्हाय. क्लीनर न्हाय. चहाला थांबायची सोय न्हाय. पण लोड मात्र खरा हाय. वळण जोरात घेतलं की ओंडके एका बाजूला सरकतात, आणि ते सरकणं मला कंबरेत कळतं, खाटेवर बसून. दादा, मी ते विसरलो होतो. पहिले दोन घाट पार झाले. तिसऱ्या घाटात चित्र जरा अडकलं आणि पुढं सगळी लाकडं सांडली. आता ते तुमच्या सेकंडमुळं का माझ्यामुळं, ते तुम्ही ठरवा.

झोपून खेळता येत न्हाय, मान धरते. उशा लावून बसलो. नंतर खाली पाय सोडून बसलो. उजवा पाय सारखा ब्रेक दाबायला जातो, जिथं ब्रेकच न्हाय.

परवडतं का, ते एका खेपेवर सांगत न्हाय. अजून एक पाठवा. घाटाचा असंल तर बरा.

भूपेश

* * *

राहनाळ
२३ फेब्रुवारी २०२५

भूपेशराव,

पत्र मिळालं. रूपाला वाचून दाखवलं नाही, मीच दोनदा वाचलं.

सेकंडचं सांगतो. लूम सोडून मी फोल्डिंग खात्यात तागे तपासायचो, ते तुम्हाला माहीत आहे. एक धागा तुटलेला दिसला की सेकंड. शेठ ओरडायचा, “अरे, गिऱ्हाइकाला दिसत नाही.” मी म्हणायचो, “मला दिसतंय ना.” तीच सवय डिस्कला लागली. जुन्या पद्धतीच्या डिस्कची पाठ घासता येते, तरी कडेला केसाएवढी रेघ राहतेच कधीकधी. नव्या पद्धतीच्या डिस्कना तर घासणीच लावायची नाही, वरचा थर इतका पातळ असतो, त्या फक्त धुवायच्या. रेघ राहिली की मी लिहितो सेकंड. तुमच्या डिस्कवर रेघ होती. सख्ख्या भावाला पाठवली असती तरी मी फ्रेश लिहिलं नसतं. तेवढं माझ्याकडून होणार नाही.

पण तुम्ही लिहिलंत ते डोक्यातून जाईना. हात धुताना, जेवताना, तेच. मग लक्षात आलं की मी एक शब्द लिहून मोकळा होत होतो. काय झालंय, कुठे झालंय, त्याने काय होतं, हे कळतंच नव्हतं त्यातून. तागा बाजारात जातो, तिथे एक शब्द पुरतो. डिस्क माणसाच्या घरी जाते. म्हणून मी फळ्यावरच्या सगळ्या डिस्क उतरवल्या आणि एकेक मशीनमध्ये घालून पुन्हा बघितली. आता पाकिटावर असं लिहितो: ‘कडेला रेघ आहे. तिसऱ्या घाटात क्षणभर अडकते. पुढे चालते.’ तुमची लाकडं सांडली ती त्याच्या पुढे. म्हणजे ती तुमचीच चूक.

हे करत असताना कंपनीचा माणूस आला. भाविक नाव, तिशीचा असेल, बूट दाराबाहेर काढून आत येतो, वागायला चांगला आहे. त्याने एक पाकीट उचललं, वाचलं आणि हसला.

“काका, ये सब निकालना पडेगा. आम्ही सगळ्यांवर एकच स्टिकर मारतो. नव्यासारखी.”

मी म्हटलं, “पण ही नव्यासारखी नाही. हिला रेघ आहे.”

“चालते ना? मग झालं. गिऱ्हाईक परत पाठवेल तर पैसे देऊन टाकू.”

“तो परत पाठवणार नाही. त्याला वाटेल त्याचीच मशीन बिघडली. पोस्टात जायला दोन तास लागतात त्याला.”

“काका, तुम्ही इमोशनल होता.”

रूपा चहा घेऊन आली, म्हणाली, “इमोशनल नाहीत, खवचट आहेत. तुम्ही चहा घ्या.”

तो गेला. कागद तयार करून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येणार आहे. मला राग आला असंही नाही, कारण माणूस चुकीचं बोलत नव्हता, त्याच्या धंद्यात ते बरोबर असेल. मी साठीकडे चाललो. पगार महिन्याला येईल, रविवारी सुट्टी. रूपाचे गुडघे दुखतात आणि तिला पोस्टाच्या रांगेत मीच पाठवतो. हे पण तिच्या बाजूने लिहायला पाहिजे.

दुसरा घाटाचा खेळ सोबत आहे. पाकिटावर काय लिहिलंय ते नीट वाचा आणि निकाल द्या.

केसरीनाथ

* * *

वाडी
६ मार्च २०२५

ती. केसरीनाथ भाऊजींना हेमालीचा नमस्कार.

भाऊजी, पार्सलं पाठवणं बंद करा. हात जोडून सांगते.

पोस्टमन वाडीवर आठवड्यातनं एकदा येतो. तुमचं दुसरं पार्सल त्याच्या फेरीनंतर टोकावड्याच्या पोस्टात येऊन पडलं, असं कुणीतरी यांना सांगितलं. मी शेतावर होते. हे एकटे निघाले. डॉक्टरांनी दिलेला वॉकर दसऱ्यापासून कोपऱ्यात पडून होता, त्याच्यावर मी ओली कपडं वाळत घालायची. कपडं पलंगावर फेकली आणि वॉकर घेऊन निघाले. ओढ्याच्या उतारावर पडले. कोपर सोललं, पँट फाटली. वाडीतल्या चांगदेवमामांनी बघितलं म्हणून बरं, त्यांनी बैलगाडीत घालून आणलं. दुसऱ्या दिवशी मुरबाडला फोटो काढला. सळई जागेवर आहे, देवाची कृपा. डॉक्टरांना मी रडून सांगितलं तर ते म्हणतात, “पडले ते वाईट, पण निघाले ते चांगलं.” त्यांना काय जातंय बोलायला!

आणि यांचं ऐका. गाडीतनं उतरवलं तर मला पहिला प्रश्न, “पोस्ट किती वाजता बंद होतं ते तू सांगितलं का न्हाय?” पडल्याचं न्हाय, पोस्ट बंद झाल्याचं दुःख!

तुम्ही चांगल्यासाठी करता ते मला कळतं. पण पुन्हा पडले तर मी एकटी काय करू? ताईला पडल्याचं सांगू नका, ती जेवायची न्हाय.

हेमाली

* * *

वाडी
१२ मार्च २०२५

दादा,

हेमालीनं तुम्हाला लिहिलंय ते मला कळलं. “रोज जाताच तर हे टाका” म्हणत तिनं पत्र माझ्याच हाती दिलं, पत्ता बघितला आणि समजलो. उघडलं न्हाय. गाठ न्हाय तरी.

पार्सल घेतलं. आता निकाल.

परवडत न्हाय.

एक, वेळ. खेळायची इच्छा होते तेव्हा डिस्क वाटेत असते आणि डिस्क येते तेव्हा इच्छा कुठंतरी निघून गेलेली असते. दोन, तुमची दुसरी डिस्क. अर्धा खेळ झाला आणि मशीन म्हणते नेट जोडा, काहीतरी नवीन आलंय ते उतरवा, मगच पुढं. अहो, नेट असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो? तुम्ही पाकिटावर रेघ लिहिली, ओरखडा लिहिला, बुरशी लिहिली, पण हे न्हाय लिहिलं. तीन, येण्याजाण्याचं पोस्ट. त्यापेक्षा माणूस कल्याणला जाऊन जुनी डिस्क विकत घेईल, खेळून झाल्यावर तिथंच परत विकेल. चार, तुम्ही. रूपाताई रांगेत उभ्या, तुम्ही फळ्यासमोर उभे, आणि एवढं करून डिस्क ज्यात चालतात त्या मशिनी बाजारात नव्या येत न्हायत. गिऱ्हाइकाला परवडत न्हाय आणि तुम्हाला त्याहून न्हाय.

विका, दादा. तुम्ही खरं मागितलं, हे खरं हाय. कंपनीवाला पोरगा वाईट वाटत न्हाय. खुर्ची देतोय तर बसा. माझ्या मालकानं खुर्ची दिली तेव्हा मला राग आला, कारण मला दुसरं काही येत न्हाय. तुम्हाला सगळं येतं.

हेमालीला लिहाल तेव्हा म्हणावं, घाबरू नको. रोज जातो आता खाली, हळू जातो. ओढ्याच्या उतारावर तिनं आणि चांगदेवमामांनी बांबू रोवलेत, ते धरतो. कालपासून वॉकर घरी ठेवून काठी घेतली. पोस्टात बसायला बाक हाय. काळूराम पोस्टमास्तर पहिल्यांदा मला बघून उठला होता, आता उठत न्हाय, नुसतं म्हणतो, “आज काय न्हाय आलं, ड्रायव्हर.” मग तो काम करतो आणि मी त्याला घाट सांगतो, खेळातले आणि खरे दोन्ही. तो खऱ्यावर विश्वास ठेवत न्हाय.

पुढची डिस्क आधीच टाकली असंल तर येऊ दे. नसंल तर राहू दे.

भूपेश

* * *

राहनाळ
२८ मार्च २०२५

भूपेशराव,

निकाल मिळाला. मी तुमचे चारही मुद्दे तपासले. वेळेचं बरोबर आहे. कल्याणच्या जुन्या डिस्कचं बरोबर आहे, फक्त तिथे फसवतात, ते तुम्ही धरलं नाही. रूपाचं तर इतकं बरोबर आहे की मी तिला तो भाग मोठ्याने वाचून दाखवला. त्या दिवसापासून पोस्टात मीच जातो.

नेटची चूक माझी. ती मला झोंबली. मी डिस्कची पाठ बघत बसलो आणि डिस्क घरात गेल्यावर काय मागते ते बघितलंच नाही. आता घरचं नेट काढून, एकेक खेळ शेवटपर्यंत खेळून बघतोय. जो नेट मागतो तो यादीतून बाहेर. यादी निम्म्यावर येईल. येऊ दे. रूपा म्हणते, “या वयात कामाच्या नावाखाली दिवसभर खेळतात.” तिला एक मोटारीची शर्यत दाखवली तर तिने मला तीनदा मागे टाकलं आणि आता भाजी करपते.

हेमालीला सांगा, पाकिटं यापुढे पोस्टमनच्या फेरीच्या बेतानेच टाकीन, म्हणजे ती घरपोच येतील. तिचं म्हणणं रास्त होतं. तुम्हाला खाली जायची गरज राहणार नाही.

पण मला एक विचारायचंय. पाकीट पंधरवड्याला एक निघतं. तुम्ही लिहिता, रोज जातो. बाकीच्या दिवशी कशाला जाता?

उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

काल भाविक कागद घेऊन आला. सोबत गोडाऊनचा एक मोठा साहेब होता. टेबल पुसून ठेवलं होतं. रूपाने चांगली साडी नेसली होती, कारण तिला वाटलं सही होणार, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं. तुमचं पत्र माझ्या खिशात होतं, ‘विका’ लिहिलेलं. पेन माझं मी काढलं.

सही करायच्या आधी मी एकच विचारलं. “पाकिटावर मी लिहितो तेवढं राहू द्याल का? कुठे रेघ आहे, कुठे अडकते, नेट मागते की नाही.”

साहेबाने भाविककडे बघितलं. भाविक म्हणाला, “काका, एवढं कोण वाचतं?”

“माझा साडू वाचतो.”

“एकच माणूस ना!”

“पत्ते तुम्ही विकत घेताय ते एकेका माणसाचेच आहेत.”

साहेब म्हणाला, “देखिए, हमारा सिस्टम है. सब पे एक ही लेबल लगेगा. आप को तो बस साइन करना है, बाकी टेन्शन हमारा.”

मी पेन परत खिशात ठेवलं. फार विचार करून ठेवलं असं नाही. हात गेला. फोल्डिंगमध्ये तागा समोरून सरकत असताना हात आपोआप थांबायचा, मग डोळ्याला दोष दिसायचा, तसंच झालं. साहेबाला वाटलं मी भाव वाढवतोय. बाहेर जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलला, आत येऊन आकडा वाढवला. मी म्हटलं, आकड्याचं काही नाही. तो म्हणाला, “तो फिर किस का है?” ते मला त्याला हिंदीत सांगता आलं नाही आणि मराठीत पण नसतं आलं. त्याला वाटलं म्हातारा सटकलाय. चहा पूर्ण पिऊन गेला, हे त्याचं चांगलं.

ते गेल्यावर रूपा उठली. साडी बदलून आली आणि फळ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, “आता निदान मला ती गाठ शिकवा, तुमचा अर्धा दिवस गाठी मारण्यात जातो.” शिकवली. तिची सुलट येते. ती तशीच राहू दिली.

मी तुमचं ऐकलं नाही, म्हणून तुमचं मत वाया गेलं असं समजू नका. परवडत नाही हे तुम्ही लिहिलंत आणि ते मी मान्य केलंय. परवडत नाही हे कळूनच मी हे पुढे करणार आहे. नवीन डिस्क सोबत आहे, घाटाची नाही, समुद्रावरच्या बोटीची. तिला रेघ नाही, ती नेट मागत नाही, पण बोट डावीकडे वळायला वेळ घेते. तो डिस्कचा दोष नाही, बोटच तशी आहे.

आता आकडा. तुमचा निकाल आला, तेव्हा लपवायचं कारण उरलं नाही. आणि हेमालीला रूपाकडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावा. मशीन, फळ्यावरच्या सगळ्या डिस्क, सभासदांचे पत्ते आणि दोन वर्षं मी, एवढ्याचे त्यांनी आधी सहा लाख लावले होते. फोन करून आल्यावर सात लाख चाळीस हजार. मी नाही म्हणालो.

केसरीनाथ